तालुक्याच्या छोट्या सर्व्हरवर मोठ्या फायली: नोड जेएस, स्ट्रीम आणि ग्रिडएफएस

शेतकरी उत्पादक कंपनीकडे सभासदांचे कागद कोणते येतात? सातबारा, आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान, जिनिंगच्या वजनकाट्याची पावती. आणि परतीच्या पावसानं सोयाबीनच्या गंज्या भिजल्या की शेतातला व्हिडिओ. आधीचे सगळे कागद दोन-चार एमबीत उरकतात. सर्व्हरचा घाम काढतो तो व्हिडिओ. पीक विम्यात ज्या नुकसानीची सूचना शेतकऱ्यानं स्वतः द्यायची असते, ती ७२ तासांच्या आत द्यावी लागते. त्यामुळे पाऊस उघडला की वणी-पांढरकवड्याकडचं अख्खं शिवार एकाच दिवशी फोन काढून बांधावर उभं राहतं, आणि त्याची एक प्रत सभासद कंपनीच्या ॲपवरही टाकतो.

आता हिशेब करा. सर्व्हरला रॅम १ जीबी. दहा जणांनी प्रत्येकी ६० एमबीचा व्हिडिओ एकाच वेळी चढवला आणि तुमचा कोड अख्खी फाईल आधी मेमरीत घेऊन मग डेटाबेसमध्ये टाकत असेल, तर नुसत्या फायलींचेच ६०० एमबी झाले. प्रक्रिया मरते, आणि मरताना बाकीच्या नऊ जणांचंही काम घेऊन जाते. गंमत म्हणजे नोडची हीप मेमरी पाहिली तर ती शांत दिसते, कारण बफर हे व्हीएट या नोडच्या जावास्क्रिप्ट इंजिनाच्या हीपबाहेर राहतात. 'प्रोसेस.मेमरीयूसेज' मध्ये 'आरएसएस' (प्रक्रियेनं घेतलेली एकूण रॅम) आणि 'ॲरेबफर्स' हे आकडे पाहा, चोर तिथे सापडतो.

स्ट्रीमनं, म्हणजे फाईल तुकड्यातुकड्यानं पुढे सरकवत, हेच काम केलं तर एका अपलोडमागे एका वेळी मेमरीत काही शे किलोबाइट असतात. फाईल ६ एमबीची असो की ६०० ची. हे जमवणं फार अवघड नाही. अवघड आहे ते दुसरंच: आपल्याकडे नेटवर्क मध्येच जातं, लाईट मध्येच जाते, आणि अर्धी आलेली फाईल डेटाबेसमध्ये पडून राहते. म्हणून या लेखात अपलोडपेक्षा तुटलेल्या अपलोडवर जास्त वेळ घालवणार आहे.

(फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंग.)

## आधी ठरवा, ग्रिडएफएस हवंच का?

ग्रिडएफएस म्हणजे मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये मोठी फाईल तुकडे करून ठेवायची पद्धत. मोंगोडीबीच्या एका डॉक्युमेंटची, म्हणजे एका नोंदीची, कमाल मर्यादा १६ एमबी. तुमच्याकडे फक्त सातबाऱ्याच्या पीडीएफ आणि दाबून लहान केलेले फोटो येणार असतील, तर ते सरळ बायनरी फील्डमध्ये ठेवा आणि हा लेख इथेच सोडा. फायली मोठ्या आहेत पण सर्व्हर एकच आहे आणि बॅकअपची शिस्त पक्की आहे, तर डिस्कवरचं साधं फोल्डरही चालतं. आणि हजारो व्हिडिओ येणार असतील तर ऑब्जेक्ट स्टोरेज घ्या, ते याच कामासाठी बनलेलं आहे.

ग्रिडएफएसला अर्थ येतो तो मधल्या जागी. सभासदाची नोंद आधीच मोंगोत आहे, फाईल आणि नोंद एकाच बॅकअपमध्ये हवी आहे, रेप्लिका सेट (एकच डेटा अनेक मशीनवर ठेवणारे मोंगो सर्व्हर) असेल तर फाईलची प्रतही आपोआप दुसऱ्या मशीनवर जायला हवी आहे, आणि सगळं सांभाळणारा माणूस एकच आहे. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेक वेळा चित्र हेच असतं.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी एवढंच: 'बाइटिया' फील्डमध्ये १ जीबीपर्यंत मावतं, पण ते मूल्य अख्खं मेमरीतून जातं. तुकड्यातुकड्यानं लिहायचं तर 'लार्ज ऑब्जेक्ट' वापरावा लागतो. त्याची मर्यादा ४ टीबी आहे आणि सगळं काम ट्रान्झॅक्शनच्या आत करावं लागतं. खाली नोडच्या बाजूचं जे लिहिलं आहे ते तिथेही बरंचसं लागू पडेल.

## स्ट्रीमच्या आत काय चालतं

नोडमध्ये स्ट्रीम चार प्रकारचे: वाचायचा, लिहायचा, दोन्ही करणारा, आणि मधून जाताना बदल करणारा ट्रान्सफॉर्म. आपल्याला पहिला, दुसरा आणि चौथा लागतो.

प्रत्येक स्ट्रीमला 'हायवॉटरमार्क' नावाची एक खूण असते. जुन्या नोडमध्ये बाइट-स्ट्रीमसाठी ती १६ केबी होती, नोड २२ पासून ६४ केबी झाली. लिहिणाऱ्या स्ट्रीमचा साठा या खुणेपर्यंत भरला की 'राइट' हे फंक्शन खोटं, म्हणजे 'फॉल्स' परत देतं. अर्थ असा की जरा थांब. साठा रिकामा झाला की 'ड्रेन' हा इव्हेंट येतो, मग पुढचं पाठवायचं. याला बॅकप्रेशर म्हणतात. हंगामात जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते ना, तसं: आत ओट्यावर जागा झाली की पुढची गाडी सोडतात. फाटकवाल्यानं सगळ्याच गाड्या आत सोडल्या तर कापूस ठेवायला जागा राहत नाही. इथे फाटकवाला म्हणजे तुमचा कोड.

हे थांबणं-सोडणं हातानं लिहू नका. नोडमध्ये त्यासाठी 'पाइप' पूर्वीपासून आहे, पण त्यात मोठी खोट आहे: एका टोकाला चूक झाली तर ती दुसऱ्या टोकाला कळत नाही. वाचणारा तुटला तरी लिहिणारा उघडाच राहतो, वाट पाहत. नोड १० मध्ये आलेलं 'पाइपलाइन' ही खोट काढतं. एक कडी तुटली की ते सगळ्या कड्या बंद करतं आणि चूक तुमच्या हातात देतं. 'स्ट्रीम/प्रॉमिसेस' या मॉड्यूलमधलं घेतलं तर त्याच्यापुढे 'अवेट' लावता येतं. नव्या कोडमध्ये मी 'पाइप' लिहीतच नाही.

## ग्रिडएफएस फाईल कशी ठेवतं

ग्रिडएफएस हे वेगळं सॉफ्टवेअर नाही. दोन कलेक्शन कशी वापरायची याचा तो एक ठरलेला करार आहे, आणि मोंगोचा ड्रायव्हर तो पाळतो. 'फाइल्स' कलेक्शनमध्ये फाईलमागे एक डॉक्युमेंट: नाव, लांबी, तुकड्याचा आकार, तारीख आणि तुमचा मेटाडेटा. 'चंक्स' कलेक्शनमध्ये प्रत्यक्ष तुकडे. प्रत्येक तुकड्यावर 'फाइल्स_आयडी' आणि शून्यापासून चढत जाणारा क्रमांक 'एन'.

तुकडा २५५ केबीचा असतो. २५६ का नाही? तुकड्यासोबत आयडी आणि क्रमांक यांचे काही बाइट जास्तीचे असतात. मोंगोचं जुनं स्टोरेज इंजिन दोनाच्या घातात जागा द्यायचं, त्यामुळे २५६ केबी ओलांडले की थेट ५१२ केबीची जागा अडायची. ते इंजिन गेलं, आकडा राहिला. आपल्या ६० एमबीच्या व्हिडिओचे या मापानं २४१ तुकडे होतात. २४० पूर्ण आणि शेवटचा २४० केबीचा.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा, पुढचा अर्धा लेख तिच्यावर उभा आहे. आधी तुकडे लिहिले जातात. 'फाइल्स' मधलं डॉक्युमेंट सगळ्यात शेवटी. म्हणजे 'फाइल्स' मध्ये नोंद दिसली तर फाईल पूर्ण आली आहे. अपलोड मध्येच तुटला तर नोंद दिसत नाही, पण तुकडे मात्र पडून राहतात. ग्रिडएफएस मल्टि-डॉक्युमेंट ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, त्यामुळे तो मार्गही बंद आहे.

## जुळवाजुळव

एनपीएमवरून दोन पॅकेज घ्या: 'मोंगोडीबी' हा अधिकृत ड्रायव्हर आणि 'बसबॉय' हा मल्टिपार्ट फॉर्म उलगडणारा. 'मल्टर' बरेच जण वापरतात, पण त्याचं मेमरी स्टोरेज निवडलं की अख्खी फाईल बफरमध्ये येते आणि आपण जिथून निघालो तिथेच पोचतो.

'मोंगोक्लायंट' ॲप सुरू होताना एकदाच जोडा. प्रत्येक रिक्वेस्टला नवा जोडला तर कनेक्शनांचा ढीग लागतो. मग 'ग्रिडएफएसबकेट' बनवा. त्याला बकेटचं नाव द्या, आणि 'राइटकन्सर्न' मध्ये 'जे' खरं ठेवा. एकट्या मोंगो सर्व्हरवर जर्नल (लिखाणाची कच्ची नोंदवही) दर १०० मिलिसेकंदांनी डिस्कवर उतरतं. त्याच्या आत लाईट गेली तर 'झालं' म्हणून कळवलेलं लिखाणही हरवू शकतं. 'जे' खरं असेल तर जर्नलमध्ये उतरल्यावरच होकार येतो. थोडं हळू होतं, होऊ द्या. जिथे इन्व्हर्टरची बॅटरी कधी बदलली हे कुणाला आठवत नाही, तिथे ही किंमत परवडते.

दोन वेळमर्यादा आताच पाहून घ्या, नंतर त्या सापडत नाहीत. नोड १८ पासून सर्व्हरची 'रिक्वेस्टटाइमआउट' ही ३०० सेकंद आहे. एवढ्या वेळात पूर्ण रिक्वेस्ट आली नाही तर नोड ४०८ देऊन कनेक्शन तोडतो. ६० एमबीची फाईल १ एमबीपीएसच्या लाईनवर चढायला ५०० सेकंदांच्या वर लागतात. म्हणजे सगळं नीट चालू असतानाही तो अपलोड कधीच पूर्ण होणार नाही, आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या देत बसाल. ही मर्यादा तुमच्या लाईनच्या हिशेबानं वाढवा.

नोडच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' मुळात १ एमबीच असते, ती वाढवा. शिवाय एनजिनएक्स अख्खी रिक्वेस्ट आधी स्वतःकडे जमा करतो आणि मग नोडला देतो, 'प्रॉक्सी_रिक्वेस्ट_बफरिंग' मुळे. बरेच लेख हे बंद करायला सांगतात. मी खेड्यातल्या लाईनसाठी ते चालूच ठेवतो: रांगत येणारे अपलोड एनजिनएक्सच्या डिस्कवर थांबतात आणि मध्येच तुटलेले नोडपर्यंत पोचतच नाहीत. डिस्कवर जागा मात्र हवी.

## अपलोड

फॉर्मचा प्रवास असा: रिक्वेस्ट बसबॉयमध्ये जाते, बसबॉय प्रत्येक फाईलसाठी 'फाइल' इव्हेंटमधून एक वाचायचा स्ट्रीम देतो, तो आपल्या तपासणीतून जातो, आणि शेवटी ग्रिडएफएसच्या अपलोड स्ट्रीममध्ये. म्हणजे पाइपलाइन दोन आहेत. पहिली रिक्वेस्ट ते बसबॉय, दुसरी फाईल ते डेटाबेस. दोन्ही संपेपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

बसबॉय बनवताना त्याला रिक्वेस्टचे हेडर द्या, 'लिमिट्स' मध्ये 'फाइलसाइझ' द्या, आणि 'डेफपॅरमकॅरसेट' ला यूटीएफ-८ करा. हे शेवटचं आपल्यासाठी खास आहे. बसबॉय फाईलचं नाव मुळात लॅटिन-१ समजून वाचतो. 'गट नं ४७ सातबारा' असं नाव दिलेली पीडीएफ डेटाबेसमध्ये चिन्हांचा चिवडा होऊन बसते. इंग्रजी नावांनी चाचणी करणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

'फाइल' इव्हेंट आला की बकेटवर 'ओपनअपलोडस्ट्रीम' बोलवा. नाव द्या, मेटाडेटामध्ये सभासद क्रमांक, कागदाचा प्रकार आणि माइमटाइप (फाईल पीडीएफ, जेपेग की आणखी काही हे सांगणारं नाव) द्या. आता एक बारीक मेख. फॉर्ममधली मजकुराची फील्ड ज्या क्रमानं पाठवली त्याच क्रमानं येतात. सभासद क्रमांक फाईलच्या नंतर असेल, तर फाईल सुरू होताना तो तुमच्या हातात नसतो. फ्रंटएंडवर फॉर्मडेटा भरताना फाईल सगळ्यात शेवटी जोडा, प्रश्न मिटला.

मधली तपासणी ट्रान्सफॉर्म क्लास लिहूनही करता येते, पण पाइपलाइनमध्ये असिंक जनरेटर सरळ बसवता येतो आणि तो वाचायला सोपा आहे. त्यात 'फॉर अवेट' नं प्रत्येक तुकडा घ्यायचा, एसएचए-२५६ हॅशला (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) द्यायचा, लांबी मोजायची आणि 'यील्ड' करून पुढे सोडायचा. बॅकप्रेशर आपोआप सांभाळला जातो. कडी अशी दिसते:

अवेट पाइपलाइन(फाईल, तपासणी, अपलोड)

तपासणीतच पहिले बाइट पाहा. ब्राउझर माइमटाइप सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका. तो बहुतेक वेळा फाईलच्या शेपटीवरून ठरवलेला असतो. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी होते. जेपेगचे पहिले तीन बाइट हेक्समध्ये एफएफ, डी८, एफएफ. पहिला तुकडा चार बाइटांहून लहानही येऊ शकतो, तेव्हा पुरेसे बाइट जमेपर्यंत थांबून मग निर्णय घ्या. जुळलं नाही तर जनरेटरमधून 'थ्रो' करा. पाइपलाइन बाकीचं बंद करते.

आता या भागातला सर्वांत फसवा सापळा. फाईल मर्यादेपेक्षा मोठी निघाली तर बसबॉय चूक देत नाही. तो मर्यादेपाशी फाईल कापतो आणि स्ट्रीम शांतपणे संपवतो. तुमची पाइपलाइन यशस्वी होते, 'फाइल्स' मध्ये नोंदही होते, सभासदाला हिरवी खूण दिसते, आणि व्हिडिओ शेवटी तुटलेला असतो. म्हणून पाइपलाइन संपल्यावर फाईल स्ट्रीमचं 'ट्रंकेटेड' तपासायचंच. खरं असेल तर बकेटवरून ती फाईल 'डिलीट' करा आणि ४१३ पाठवा.

पहिली कडीही 'पाइपलाइन' नंच जोडा. रिक्वेस्ट मध्येच तुटली तर त्यामुळे बसबॉय बंद होतो, बसबॉयमुळे फाईल स्ट्रीम बंद होतो, आणि दुसऱ्या पाइपलाइनला चूक कळते. इथे 'पाइप' वापरलात तर तुटलेल्या अपलोडचा पत्ताच लागत नाही. नको असलेली फाईल आली तर तिच्यावर 'रिझ्यूम' बोलवून ती वाहून जाऊ द्या. नाही तर अख्खा फॉर्म तिथेच अडतो.

इव्हेंटच्या आत सुरू केलेलं प्रॉमिस कुणी पकडलं नाही आणि ते फसलं, तर नोड १५ पासून अख्खी प्रक्रिया बंद पडते. म्हणून दुसऱ्या पाइपलाइनचं प्रॉमिस जन्मतःच 'कॅच' लावून एका ॲरेत ठेवा, निकाल किंवा चूक दोन्ही मूल्य म्हणून परत द्या, आणि शेवटी सगळे एकत्र पाहा.

यशस्वी झाल्यावर हॅश 'फाइल्स' मधल्या त्या डॉक्युमेंटच्या मेटाडेटात 'अपडेटवन' नं लिहा; आधी लिहिता येत नाही, कारण फाईल संपल्याशिवाय हॅश तयारच होत नाही. याचा एक रोजचा फायदा आहे. हिरवी खूण दिसली नाही म्हणून एकच सातबारा पुन्हा पुन्हा चढवणारे सभासद असतातच. त्याच सभासदाकडून तोच हॅश आधी आला असेल तर नवी प्रत पुसा आणि जुनीचाच आयडी परत द्या. त्याला काही वेगळं कळायची गरज नाही.

## तुटलेलं साफ करणं

पाइपलाइन फसली की 'कॅच' मध्ये अपलोड स्ट्रीमवर 'अबॉर्ट' बोलवा. तो त्या आयडीचे आतापर्यंत लिहिलेले तुकडे पुसतो. नेटवर्क तुटणं, चुकीची फाईल, सभासदानं ॲप बंद करणं, हे सगळं इथे निभावतं.

लाईट गेल्यावर मात्र 'कॅच' चालत नाही, कारण चालवणारा नोडच उरलेला नसतो. 'चंक्स' मध्ये अनाथ तुकडे राहतात. ते कुठल्याही यादीत दिसत नाहीत, फक्त डिस्क खातात. यासाठी रात्री चालणारी एक सफाई हवी.

सफाईचं तर्कशास्त्र सोपं वाटतं: ज्या 'फाइल्स_आयडी' ला 'फाइल्स' मध्ये नोंद नाही ते तुकडे पुसा. असं लिहाल तर चालू असलेले अपलोडही पुसले जातील. कारण वर सांगितल्याप्रमाणे नोंद शेवटी होते, चालू अपलोड आणि मेलेला अपलोड डेटाबेसमध्ये हुबेहूब सारखे दिसतात. फरक करायचा तो वयावरून, आणि वय आयडीतच आहे. ऑब्जेक्टआयडीचे पहिले चार बाइट म्हणजे तो बनला ती वेळ. 'गेटटाइमस्टॅम्प' नं ती मिळते. २४ तासांहून जुना आणि नोंद नसलेला आयडी निश्चिंत पुसा. स्वतःचे आयडी देऊन 'ओपनअपलोडस्ट्रीमविथआयडी' वापरत असाल तर ही सोय हातची जाते, म्हणून मी तो मोह टाळतो.

शोधताना तुकड्यांचा 'डेटा' वाचू नका, नाही तर सफाईच सर्व्हरला झोपवेल. 'एन' शून्य असलेले तुकडे मागा, फक्त 'फाइल्स_आयडी' घ्या आणि '_आयडी' वगळा. ड्रायव्हरनं 'फाइल्स_आयडी' आणि 'एन' यांवर युनिक इंडेक्स आधीच बनवलेला असतो, तोच वापरायला 'हिंट' नं सांगा, म्हणजे उत्तर इंडेक्समधूनच येतं, तुकड्यांना हात लागत नाही. 'डिलीट' करताना अर्ध्यात लाईट गेली तर तेव्हाही असेच अनाथ राहतात: ड्रायव्हर आधी नोंद पुसतो, मग तुकडे. त्यांतला शून्य क्रमांकाचा तुकडा उरला असेल तर तेही हीच सफाई उचलते.

## फाईल परत देणं

आधी अधिकार तपासा, मग स्ट्रीम उघडा. सातबारा कुणीही पाहू शकतो, पासबुक नाही.

'ओपनडाउनलोडस्ट्रीम' ला चुकीचा आयडी दिला तर ते लगेच काही बोलत नाही. वाचायला सुरुवात झाल्यावर चूक येते. तोवर तुम्ही २०० पाठवून बसलेले असता. म्हणून आधी बकेटच्या 'फाइंड' नं नोंद आणा, नसेल तर ४०४ द्या. असेल तर लांबी आणि माइमटाइप तिच्यातूनच घेऊन हेडर भरा, आणि मग डाउनलोड स्ट्रीम ते रिस्पॉन्स अशी पाइपलाइन लावा. हेडर गेल्यावर काही फसलं तर ५०० पाठवता येत नाही. कनेक्शन तुटतं, आणि लांबी कमी भरली यावरून ब्राउझरला कळतं. ते ठीकच आहे.

मराठी नाव इथे दुसऱ्यांदा आडवं येतं. देवनागरी अक्षरं हेडरमध्ये जशीच्या तशी टाकली की नोड चूक फेकतो. 'कंटेंट-डिस्पोझिशन' मध्ये तारा असलेला 'फाइलनेम' वापरा, त्यापुढे यूटीएफ-८, दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि 'एन्कोडयूआरआयकंपोनंट' मधून काढलेलं नाव.

व्हिडिओ फोनवर पुढे-मागे सरकवता यायला हवा, आणि तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू व्हायला हवं, तर 'रेंज' हेडर पाळावा लागतो. उत्तर २०६ नं द्यायचं, 'कंटेंट-रेंज' सोबत. आता एकाचा फरक सांभाळा. एचटीटीपीमध्ये ० ते १०२३ म्हणजे १०२३ वा बाइट धरून. ड्रायव्हरच्या 'एंड' मध्ये मात्र तो बाइट धरत नाहीत. म्हणून ड्रायव्हरला 'स्टार्ट' ० आणि 'एंड' १०२४ द्यायचं. हा एक बाइट चुकला तर फोटो उघडतो पण व्हिडिओ अडखळतो, आणि कारण शोधताना डोकं फिरतं. रेंज फाईलच्या बाहेरची असेल तर ४१६.

## रेंजची एकच दांडी असलेल्या शिवारासाठी

"काहून भाऊ, नव्वद टक्के झालं का पुन्हा पयल्यापासून काहून सुरू होते?" हा फोन येणारच. उत्तर असं की ग्रिडएफएसचा अपलोड तुटला की तो तिथून पुढे चालू करता येत नाही. तशी सोय आपल्याला बाहेर बांधावी लागते.

त्याआधी स्वस्तातला उपाय करून घ्या: फोटो फोनमध्येच कॅनव्हासवर लहान करून पाठवा. पाच एमबीचा फोटो काही शे केबीवर येतो आणि सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तरीही वाचता येतो. निम्म्या तक्रारी यातच मिटतात.

व्हिडिओसाठी फोनवर फाईलचे 'स्लाइस' नं १ एमबीचे भाग करा. सर्व्हर सुरुवातीला एक अपलोड क्रमांक देतो; प्रत्येक भाग तो क्रमांक आणि स्वतःचा अनुक्रम घेऊन वेगळ्या रिक्वेस्टनं येतो. भाग एका तात्पुरत्या कलेक्शनमध्ये ठेवा. १ एमबी हे १६ एमबीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असल्यानं साधं डॉक्युमेंट पुरतं. अपलोड क्रमांक आणि अनुक्रम मिळून युनिक इंडेक्स करा आणि 'अपसर्ट' (असेल तर बदला, नसेल तर नवं) नं लिहा. म्हणजे भाग पोचला पण होकार वाटेत हरवला आणि फोननं तोच भाग पुन्हा पाठवला, तरी दोनदा साठत नाही. रेंज परत आली की फोन विचारतो, कोणते भाग आले? सर्व्हर यादी देतो, उरलेलेच जातात. गाव येईपर्यंत गाडीवर बसल्या बसल्या अपलोड पूर्ण होतो.

सगळे भाग आले की स्ट्रीमचा खरा उपयोग दिसतो. तात्पुरत्या कलेक्शनवर अनुक्रमानं लावलेला कर्सर घ्या, एका असिंक जनरेटरमधून एकेक भागाचा डेटा 'यील्ड' करा, त्याला 'रीडेबल.फ्रॉम' नं स्ट्रीम बनवा आणि आधीचीच पाइपलाइन लावा: तपासणी, मग ग्रिडएफएस. जनरेटरमध्ये अनुक्रम सलग आहे का ते पाहा. मधला भाग नसेल तर तिथेच 'थ्रो'. कर्सरचा 'बॅचसाइझ' लहान ठेवा, चार-पाच पुरे. नाही तर ड्रायव्हर एका खेपेत १६ एमबीपर्यंतचे भाग आणून ठेवतो आणि वाचवलेली मेमरी दुसऱ्या दारानं खर्च होते.

तात्पुरत्या भागांवर तारखेचं फील्ड ठेवून टीटीएल इंडेक्स (मुदत संपली की नोंद आपोआप पुसणारा) लावा, दोन दिवसांचा. अर्धवट सोडलेले अपलोड मोंगो स्वतःच पुसत राहतो. टीटीएलचं काम साधारण मिनिटाला एकदा चालतं, तेव्हा सेकंदाच्या अचूकतेची अपेक्षा नको.

हे सगळं हातानं लिहायचं नसेल तर 'टस' नावाचा खुला प्रोटोकॉल याच कामासाठी आहे आणि त्याचं नोडमधलं तयार सर्व्हर पॅकेजही मिळतं. आमच्यासारख्या एका फॉर्मच्या ॲपला मी तो घेतला नाही. तीन-चार प्रकारचे क्लायंट असतील तर जरूर घ्या.

## लावण्याआधी तोडून पाहा

ऑफिसच्या वायफायवर सगळंच चालतं. 'कर्ल' ला 'लिमिट-रेट' देऊन ५० केबी सेकंदाच्या वेगानं १०० एमबीची फाईल चढवा. चालू असताना दुसऱ्या खिडकीत 'आरएसएस' पाहा. आकडा थोडा खालीवर होऊन सपाट राहिला पाहिजे. मग कर्ल मध्येच तोडा आणि 'चंक्स' मोजा: त्या आयडीचे तुकडे शून्य झाले पाहिजेत. नंतर पुन्हा चढवा आणि या वेळी नोडच 'किल' करा, सिग्नल ९ नं. तुकडे उरलेले दिसतील. सफाईची मुदत चाचणीपुरती एका मिनिटावर आणून ती चालवा आणि पुन्हा मोजा. मर्यादेहून मोठी फाईल, मराठी नावाची फाईल, नाव बदलून पीडीएफ केलेली एक्सई, हे तिन्ही प्रयोगही त्याच बैठकीत उरका.

बॅकअपसाठी 'मोंगोडंप' दोन्ही कलेक्शन नेतो. एकट्या सर्व्हरवर डंप चालू असताना अपलोड आले तर 'फाइल्स' आणि 'चंक्स' वेगवेगळ्या क्षणांचे पडू शकतात, म्हणून डंप रात्री घ्या, सफाई झाल्यानंतर. जुन्या हंगामाचे व्हिडिओ पुसल्यावर डिस्क लगेच रिकामी दिसत नाही. मोंगो ती जागा स्वतःच्या पुढच्या लिखाणासाठी राखून ठेवतो. खरंच परत हवी असेल तर 'कॉम्पॅक्ट' आहे. व्हिडिओ आणि जेपेग आधीच दाबलेले असतात, त्यामुळे मोंगोच्या कॉम्प्रेशनवर भरवसा ठेवून डिस्क लहान घेऊ नका.

डंप दुसऱ्या मशीनवर 'मोंगोरिस्टोर' नं उतरवा, काही फायली डाउनलोड स्ट्रीममधून वाचून त्यांचा एसएचए-२५६ काढा आणि मेटाडेटातल्या हॅशशी ताडा. ही स्क्रिप्ट वीसेक ओळींची होते. ती महिन्यातून एकदा क्रॉनमध्ये टाका आणि हॅश न जुळलेल्या आयडींची यादी स्वतःला मेल होईल असं करून ठेवा.